कॅल्शियमच्या कुपीवरचा बारीक आकडा: नवजात बाळाचे शिरेतील पोषण आणि ॲल्युमिनियम

नवजात अतिदक्षता विभागात नुकत्याच रुजू झालेल्या एका डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. २८ आठवड्यांनी जन्मलेले, १ किलो वजनाचे बाळ आहे. आतड्याच्या तक्रारीमुळे त्याचे दूध बंद आहे आणि निदान दोन आठवडे तरी शिरेतूनच पोषण द्यावे लागेल अशी चिन्हे आहेत. पोषणाच्या पिशवीत घालायच्या १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या काचेच्या कुपीवर ‘ॲल्युमिनियम लिटरला ५,००० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नाही’ अशी बारीक अक्षरांतली ओळ त्यांच्या नजरेस पडली. तेव्हापासून त्यांच्या मनात तीन विचार घोळत आहेत: कॅल्शियमची मात्रा निम्मी करावी का, ग्लुकोनेटऐवजी कॅल्शियम क्लोराइड घ्यावे का, की आधी बाळाच्या रक्तातले ॲल्युमिनियम तपासून मग काय ते ठरवावे?

पहिल्या आणि तिसऱ्या विचाराला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याला ‘शक्य आहे, पण वाटते तितके सोपे नाही’ असे आहे. बाळाला लागणारे कॅल्शियम आणि त्याच्याबरोबर येणारे ॲल्युमिनियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲल्युमिनियम आपण लिहिलेल्या मात्रेत नसते, ते कुपीतून येते. म्हणून बदलायची ती कुपी, मात्रा नव्हे. शक्य असेल तर तेच ग्लुकोनेट प्लास्टिकच्या कुपीतले मागवावे. असे का, ते नीट समजून घेतले तर पुढच्या प्रत्येक बाळाच्या वेळी हा हिशेब आपला आपल्याला करता येईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी त्या आकड्याचाच हिशेब करू. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या एका मिलिलिटरमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम असते सुमारे ९.३ मिलिग्रॅम. या बाळाला दिवसाला किलोमागे ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम द्यायचे ठरवले, तर जवळपास ८ मिलिलिटर ग्लुकोनेट पिशवीत जाईल. लिटरला ५,००० मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिलिटरला ५. आठ पंचे चाळीस. म्हणजे एकट्या कॅल्शियमच्या वाटेने बाळाच्या शिरेत दिवसाला किलोमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत ॲल्युमिनियम जाऊ शकते. युरोपातील बालपोषणतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही मर्यादा सर्व घटक मिळून किलोमागे दिवसाला ५ मायक्रोग्रॅमच्या आत हवी. आपल्या बाळाला मर्यादेच्या आठपट, आणि तेही एकाच घटकातून! प्लास्टिकच्या कुपीतल्या ग्लुकोनेटवर लिटरला ३०० असा आकडा असेल, तर त्याच आठ मिलिलिटरांतून २.४ मायक्रोग्रॅम जातात. कॅल्शियम तेवढेच, क्षार तोच (ग्लुकोनेट), ८ मिलिलिटरची सिरिंजही तीच. बदलली ती फक्त कुपी.

आता काचेचे काय बिघडते ते पाहू. इंजेक्शनच्या कुप्यांची काच टिकाऊ व्हावी म्हणून तिच्यात थोडे ॲल्युमिनियम ऑक्साइड मुद्दाम घातलेले असते, त्यामुळे त्यात कोणी भेसळ केली किंवा हलगर्जी केली असा अर्थ काढू नये. नुसते पाणी किंवा साधे मीठ-पाणी अशा काचेत वर्षभर ठेवले तरी फारसे काही घडत नाही. पण ग्लुकोनेट, सिट्रेट, फॉस्फेट यांसारख्या आयनांना ॲल्युमिनियमची ओढ असते. ते त्याला धरून ठेवतात आणि काचेच्या पृष्ठभागावरून सावकाश द्रावणात ओढून घेतात. कुपी भरून बंद केल्यावर निर्जंतुकीकरणासाठी ती १२१ अंश सेल्सियसला ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) जाते तेव्हा ही क्रिया वेगाने होते आणि मग कपाटात पडल्या पडल्या महिनोन्महिने चालू राहते. म्हणूनच एकाच उत्पादनाची नुकतीच तयार झालेली कुपी आणि मुदत संपत आलेली कुपी यांच्यात फरक पडतो. दुसरा काही इलाज नसेल तेव्हा अलीकडच्या तारखेची कुपी निवडणे हा छोटासा, पण फुकटचा उपाय आहे. एरवी औषधालयात जुना माल आधी संपवायची शिस्त असते, इथे ती उलटी करावी लागते.

दोष एकट्या काचेचा नाही, काच आणि ग्लुकोनेट यांच्या जोडीचा आहे, याचा चांगला पुरावा १९८५ च्या एका निबंधात आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सेडमन आणि सहकाऱ्यांनी शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रावणांतले ॲल्युमिनियम मोजून प्रसिद्ध केले. त्यात १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटमध्ये लिटरला सुमारे ५,००० मायक्रोग्रॅम निघाले, तर कॅल्शियम क्लोराइडमध्ये अवघे ३६. क्लोराइडला ॲल्युमिनियम धरून ठेवता येत नाही, म्हणून ते काचेला फारसे कोरत नाही. त्याच यादीत पोटॅशियम फॉस्फेट सगळ्यांच्या वर होते, लिटरला साधारण १६,६०० मायक्रोग्रॅम. हा आकडा वाचला की फॉस्फेटच खरा गुन्हेगार वाटतो, आणि इथे पुष्कळांची फसगत होते. कुपीवरचा आकडा म्हणजे तीव्रता; बाळाला पोचते ती तीव्रता गुणिले आकारमान. मिलिलिटरला ३ मिलिमोल (रेणूंच्या संख्येवर आधारलेले मोजमाप) फॉस्फेट असलेल्या द्रावणातून या बाळाला दीड मिलिमोल द्यायचे, तर अर्धाच मिलिलिटर लागतो आणि त्यातून ८ मायक्रोग्रॅम येतात. कॅल्शियमचे द्रावण तिपटीने ‘स्वच्छ’ असूनही आठ मिलिलिटर जात असल्यामुळे चाळीस देऊन जाते. पोषणाच्या पिशवीतील ॲल्युमिनियमचा सिंहाचा वाटा कॅल्शियम ग्लुकोनेटचा का असतो, ते यातून कळते. अर्थात ८ मायक्रोग्रॅमही एकूण मर्यादेपेक्षा अधिकच आहेत, म्हणून कॅल्शियमची कुपी बदलली की फॉस्फेटकडे वळायचे. पण क्रम तोच ठेवावा.

पृथ्वीच्या कवचात कोणत्याही धातूपेक्षा ॲल्युमिनियम अधिक आहे. ते मातीत आहे, पाण्यात आहे, अन्नात आहे, मग या एवढ्याशा मायक्रोग्रॅमांची धास्ती कशाला, असा प्रश्न आपल्याला कोणीतरी विचारणारच. मलाही अनेकदा विचारला गेला आहे. तोंडावाटे गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्काही आतड्यातून रक्तात शिरत नाही. हा आपला पहिला पहारा. जे थोडे शिरते ते निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात, हा दुसरा पहारा. शिरेतून दिलेले द्रावण पहिला पहारा पूर्णपणे टाळून थेट रक्तात पोचते. आणि २८ आठवड्यांच्या बाळाच्या मूत्रपिंडात नवी नेफ्रॉन (रक्त गाळणारे सूक्ष्म घटक) तयार होण्याचे काम अजून संपलेले नसते. ते गर्भावस्थेच्या ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत चालते. रक्त गाळण्याचा त्याचा वेगही फार कमी असतो. म्हणजे दुसरा पहारेकरी अजून कामावर रुजूच झालेला नाही.

त्यात भर अशी की गर्भाच्या हाडांतले बहुतेक कॅल्शियम शेवटच्या तिमाहीत साठते. २८ आठवड्यांनी जन्मलेल्या बाळाला ते सगळे बाहेर आल्यावर, आपण भरलेल्या पिशवीतून, मिळवायचे असते. हाड झपाट्याने घडत असते आणि ॲल्युमिनियम नेमके तिथेच, नवे खनिज जिथे बसत असते त्या सीमेवर, जाऊन बसते. रक्तात ते लोहाची वाहतूक करणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाला चिकटून फिरते. त्यामुळे प्रथिनाला चिकटलेला भाग मूत्रपिंडातून गाळला जात नाही आणि हाडे, यकृत, मेंदू अशा ठिकाणी पोचायला त्याला वाहन मात्र मिळते. लोह देऊनही न सुधारणारा, लहान पेशींचा रक्तक्षय हे मोठ्यांमधील ॲल्युमिनियम विषबाधेचे एक लक्षण आहे, ते याच नात्यातून आलेले.

हे सारे आपल्याला प्रथम नवजात बाळांनी शिकवले नाही, मूत्रपिंड निकामी झालेल्या प्रौढांनी शिकवले. १९७० च्या दशकात डायलिसिसवरील काही रुग्णांची वाचा अडखळू लागली, हातापायांना झटके येऊ लागले, पुढे स्मृतिभ्रंश होऊन मृत्यू येऊ लागला. १९७६ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथील अल्फ्री आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम वाढलेले दाखवले. डायलिसिसच्या एकेका फेरीत शंभराहून अधिक लिटर पाणी लागते आणि शहरी पाणी निवळण्यासाठी त्यात तुरटी वापरलेली असे. शिवाय फॉस्फेट बांधण्यासाठी हेच रुग्ण ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडही घेत असत. पाणी शुद्ध करण्याची पद्धत बदलल्यावर ते आजार कमी झाले. नंतर दीर्घकाळ शिरेतून पोषण घेणाऱ्या प्रौढांत हाडदुखी आणि अस्थिमृदुता दिसली, आणि तिचा संबंध त्या वेळी प्रथिनांसाठी वापरल्या जाणाऱ्या केसीन हायड्रोलायसेटमधल्या (दुधातल्या केसीन प्रथिनाचे तुकडे करून बनवलेल्या द्रावणातल्या) ॲल्युमिनियमशी लागला. त्याच्या जागी शुद्ध अमिनो आम्लांची द्रावणे आली आणि तो मोठा स्रोत बंद झाला. बाळांच्या पिशवीत मात्र काचेच्या छोट्या कुप्या राहिल्या.

१९८५ च्या ज्या निबंधाचा वर उल्लेख केला त्यात द्रावणांबरोबर बाळेही तपासली होती. शिरेतून उपचार घेणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तद्रवात ॲल्युमिनियम सरासरी लिटरला ३७ मायक्रोग्रॅमच्या आसपास होते. तुलनेच्या गटात ते ५ च्या जवळ होते. तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ शिरेतून उपचार घेऊन दगावलेल्या बाळांच्या हाडांत ते इतरांच्या दहापट होते. म्हणजे ॲल्युमिनियम शिरते आणि साठते, इतके तेव्हाच सिद्ध झाले. त्याने अपाय होतो का, हे ठरायला आणखी १२ वर्षे लागली.

तो अभ्यास, म्हणजे बिशप आणि सहकाऱ्यांची १९९७ ची ब्रिटनमधील चाचणी, आपण मुळातून वाचावी असे मी सुचवेन, कारण ती उद्धृत करणारे अनेकजण तिचे अर्धेच बोलतात. १,८५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची २२७ बाळे चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागली. एका गटाला नेहमीची द्रावणे, म्हणजे किलोमागे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियम. दुसऱ्या गटाला खास तयार केलेली, ४ ते ५ मायक्रोग्रॅम देणारी द्रावणे. दीड वर्षाच्या वयात बेली मापनपद्धतीने १८२ मुलांचा मानसिक विकास मोजला. सर्व मुले एकत्र धरली तर दोन गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. स्पष्ट मज्जा-स्नायू दोष असलेली मुले वगळून उरलेल्या १५७ मुलांत मात्र नेहमीच्या द्रावणावरील प्रत्येक दिवसामागे निर्देशांकात सरासरी एका गुणाची घट दिसली. ज्यांना दहा दिवसांहून अधिक काळ शिरेतून पोषण मिळाले, त्यांच्यात सरासरी ९२ विरुद्ध १०२ असा फरक होता, आणि ८५ पेक्षा कमी गुण मिळण्याचे प्रमाण ३९ टक्के विरुद्ध १७ टक्के होते.

यावर माझे मत असे आहे. उपगटातून निघालेला निष्कर्ष नेहमी हात राखूनच स्वीकारावा; एकाच चाचणीवर शपथ घेऊ नये. पण जितके दिवस अधिक तितकी घट अधिक, अशी पायरी इथे दिसते. शरीरात ते साठते हे आधीच माहीत होते. मेंदूला ते विषारी आहे हे डायलिसिसने दाखवून दिले होते. आणि बाळाला ॲल्युमिनियमचा फायदा शून्य आहे. ज्या वस्तूचा काही उपयोगच नाही तिच्या बाबतीत अपायाचा पुरावा किती भक्कम हवा, याची कसोटी औषधापेक्षा सौम्य असावी. याच मुलांपैकी ५९ जणांची हाडे १३ ते १५ वर्षांच्या वयात तपासली गेली आणि २००९ मध्ये तो अहवाल आला. नेहमीच्या द्रावणांवरील मुलांच्या कण्याच्या खालच्या भागातील खनिज कमी होते, आणि ज्यांना नवजात अवस्थेत एकूण किलोमागे ५५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक ॲल्युमिनियम मिळाले होते त्यांच्या खुब्यातील खनिज ७.६ टक्क्यांनी कमी होते. किलोमागे ५५, दिवसाला नव्हे, एकूण. आपल्या बाळाच्या हिशेबात ही मजल दुसऱ्या दिवशीच ओलांडली जाते.

नियमांचे म्हणाल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली नियम जाहीर केला आणि तो जुलै २००४ पासून लागू झाला. मोठ्या आकारमानाच्या द्रावणांत, म्हणजे डेक्स्ट्रोज (साखर), अमिनो आम्ले, लिपिड (स्निग्ध पदार्थ) यांत, लिटरला २५ मायक्रोग्रॅमची कमाल मर्यादा घातली गेली. छोट्या कुप्यांना मात्र कमाल मर्यादा घातली नाही. मुदत संपतेवेळी असू शकणारे जास्तीत जास्त ॲल्युमिनियम लेबलवर छापावे, इतकेच बंधन घातले. मूत्रपिंडाचे कार्य कमी असलेल्या रुग्णांत, अपुऱ्या दिवसांच्या नवजात बाळांसह, दिवसाला किलोमागे ४ ते ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक गेल्यास ॲल्युमिनियम मेंदू व हाडांना अपायकारक पातळीपर्यंत साठते, असा इशाराही औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. परिणाम काहीसा चमत्कारिक झाला: डॉक्टरच्या हाती इशारा आला, पण तो पाळता येईल अशी कुपी आली नाही. अमेरिकेतील एका बालरुग्णालयाने २००८ मध्ये आपल्या पिशव्यांचा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा ३ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना किलोमागे दिवसाला ३० ते ६० मायक्रोग्रॅम मिळत असल्याचे दिसले आणि मर्यादा पाळली जात होती ती केवळ मोठ्या वजनाच्या रुग्णांत. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१० मध्ये अधिक थेट पाऊल उचलले. छोट्या काचेच्या कुपीतले कॅल्शियम ग्लुकोनेट १८ वर्षांखालील मुलांत आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांत वारंवार किंवा दीर्घकाळ वापरू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

मोठ्या द्रावणांची ती २५ ची मर्यादाही आपल्या हिशेबात धरा. या बाळाला दिवसाला १३० मिलिलिटर द्रव जात असेल आणि सगळे मर्यादेच्या काठावरचे असेल, तर त्यातून ३.२५ मायक्रोग्रॅम येतात. प्रत्यक्षात ही द्रावणे बहुधा याहून स्वच्छ असतात, पण कागदावर पाचपैकी सव्वातीन तिथेच संपले हे लक्षात असू द्यावे. उलट बाजूही सांगायला हवी. छापलेला आकडा कमाल असतो आणि मुदतीच्या अखेरचा असतो. कुपी प्रत्यक्ष मोजली की तो बहुतेक वेळा कमी भरतो. त्यामुळे आपल्या ४० चे प्रत्यक्षात २० होऊ शकतात. समाधान मानावे इतका तो फरक नाही, पण नातेवाइकांशी बोलताना ‘आठपट विष दिले’ असे शब्द वापरू नयेत इतका नक्की आहे.

आता आपले तीन विचार. कॅल्शियम निम्मे करणे ही सगळ्यांत महाग पडणारी ‘काटकसर’ आहे. ज्या हाडाला ॲल्युमिनियमपासून वाचवायचे तेच हाड कॅल्शियम आणि फॉस्फेटवाचून ठिसूळ होईल. अपुऱ्या दिवसांच्या बाळात बरगडी मोडलेली क्ष-किरण चित्रात अवचित सापडते, ती बहुधा याच उपासमारीची खूण असते. आणि मात्रा निम्मी करूनही त्या कुपीतून २० मायक्रोग्रॅम जातातच, म्हणजे मर्यादा पाळली गेली नाही ती नाहीच.

कॅल्शियम क्लोराइड हा खरा पर्याय आहे. कुपीत ॲल्युमिनियम नगण्य असते. पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे गाळ. ग्लुकोनेटमध्ये कॅल्शियम अर्धवट बांधलेले राहते. क्लोराइड द्रावणात पूर्ण सुटे होते आणि अजैविक फॉस्फेट भेटले की कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक पडतात. असा गाळ फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत अडकून रुग्ण दगावल्याचा इशारा अमेरिकेच्या प्रशासनाने १९९४ मध्ये दिला होता. पिशवीत लिपिड मिसळलेले असेल तर तो गाळ डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून क्लोराइड घ्यायचे तर फॉस्फेट सेंद्रिय हवे, म्हणजे सोडियम ग्लिसरोफॉस्फेट. ते कॅल्शियमशी असे भांडत नाही आणि त्यात ॲल्युमिनियमही कमी असते. मात्र त्याच्याबरोबर दर मिलिमोल फॉस्फेटमागे दोन मिलिमोल सोडियम येते, ते इतर सोडियममधून वजा करावे. दुसरी गोष्ट क्लोराइडचा भार: ७५ मिलिग्रॅम कॅल्शियमबरोबर पावणेचार मिलिमोलच्या आसपास क्लोराइड जाते आणि आधीच आम्लतेकडे झुकलेल्या बाळाला ते झेपत नाही, सोडियम व पोटॅशियमचा काही भाग ॲसिटेटच्या रूपात देऊन तोल सांभाळावा लागतो. तिसरी गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली आहे. १० टक्के क्लोराइडच्या मिलिलिटरमध्ये २७ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ग्लुकोनेटच्या जवळपास तिप्पट. मी पूर्वी काम करत असलेल्या एका विभागात बदलाच्या पहिल्याच आठवड्यात पोषणाच्या मागणीच्या एका पत्रकावर जुन्याच सवयीने ‘८ मिली’ लिहिले गेले. पिशवी भरणाऱ्या फार्मासिस्ट ताईंना सिरिंज हातात नेहमीपेक्षा जड नव्हे, उलट नेहमीइतकीच भरलेली दिसली आणि तेवढ्यावरच त्यांना शंका आली, कारण क्लोराइडची सिरिंज तीनच मिलिलिटरची दिसायला हवी होती. तेव्हापासून मी पत्रकावर मिलिलिटर लिहीतच नाही. मिलिमोल किंवा मिलिग्रॅम प्रत्यक्ष कॅल्शियम लिहितो आणि क्षार कोणता (ग्लुकोनेट की क्लोराइड) ते शब्दांत लिहितो.

एवढी उस्तवार करण्यापेक्षा प्लास्टिकच्या कुपीतले ग्लुकोनेट आणि सेंद्रिय फॉस्फेट ही जोडी बहुतेक ठिकाणी सोपी आणि सुरक्षित ठरते, असा माझा अनुभव आहे.

रक्ततपासणीबद्दल. ॲल्युमिनियम सर्वत्र असल्यामुळे नमुना दूषित न होऊ देता घेणे फार अवघड असते. सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी बनवलेली खास नळी लागते. साध्या नळीच्या रबरी बुचातून, कातडी पुसण्याच्या द्रवातून, टेबलावरच्या धुळीतूनही आकडा वाढतो. एकदा एका बाळाचा अहवाल इतका अफाट आला की त्यावर विश्वास ठेवायचा तर बाळ मरणासन्न हवे होते. ते मात्र पाळण्यात हातपाय झाडत होते. योग्य नळीत पुन्हा नमुना घेतल्यावर आकडा बेताचा निघाला. शिवाय १ किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ८०-९० मिलिलिटर रक्त असते, त्यातला प्रत्येक मिलिलिटर मोलाचा. आणि रक्तातली पातळी हाडात किती साठले ते सांगत नाही. कागदावरचा गुणाकार याहून स्वस्त आणि अधिक उपयोगी आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या आणि महिनोन्महिने शिरेतून पोषण घेणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. तिथे तपासणीला अर्थ आहे. डेस्फेरिओक्सामाइनसारखे, ॲल्युमिनियम ओढून काढणारे औषध नवजात बाळाला निव्वळ हिशेबातल्या आकड्यासाठी देण्याचा विचारही करू नये.

आपण विचारले नाही, पण बहुतेकांच्या मनात येते ते सांगून टाकतो: पिशवीतून शिरेकडे जाणाऱ्या नळीतला फिल्टर ॲल्युमिनियम अडवत नाही. तो गाळ आणि जंतू अडवतो; विरघळलेला धातू त्याच्यातून पाण्यासारखा पार होतो.

हिशेब करताना पिशवीबाहेरच्या वाटाही मोजा. अल्ब्युमिन, हेपॅरिन, काचेतले सोडियम बायकार्बोनेट, सिस्टीनचे व सूक्ष्म मूलद्रव्यांचे द्रावण यांपैकी प्रत्येकाचा वाटा छोटा असतो, पण ५ च्या मर्यादेत छोट्यालाही किंमत असते. माझ्याकडे एक साधा तक्ता आहे: घटकाचे नाव, कुपीवरचा आकडा, दिवसाचे मिलिलिटर, गुणाकार, आणि शेवटी वजनाने भागाकार. नवा पुरवठा आला की आकड्यांचा रकाना पुन्हा भरायचा, कारण तेच औषध दुसऱ्या उत्पादकाकडून आले की आकडा दसपट बदललेला असू शकतो. हे काम फार्मासिस्टच्या हाती सोपवावे आणि खरेदीची यादी ठरते त्या बैठकीत त्यांना बसवावे. कारण कोणती कुपी येणार हे तिथे ठरते, बाळाच्या खाटेजवळ नव्हे.

आणि दूध. आतडे परवानगी देईल त्या दिवशी, अगदी तासाला अर्धा मिलिलिटर का होईना, आईचे दूध सुरू करावे. दूध वाढेल तशी पिशवी आटते, कॅल्शियमचे मिलिलिटर आटतात आणि ॲल्युमिनियमही. त्यातून दुधातले अत्यल्प ॲल्युमिनियम आतड्याच्या पहाऱ्यातून जाते. या बाळाच्या बाबतीत मी आज रात्रीची पिशवी थांबवणार नाही. प्लास्टिकच्या कुप्या यायला दोन दिवस लागणार असतील, तर तोवर काचेतली सर्वांत नवी कुपी वापरून पूर्ण मात्रा देईन, तसे पत्रकावर नोंदवीन आणि आईवडिलांनी विचारले तर जे इथे लिहिले तेच सोप्या शब्दांत सांगेन.

एक अपवाद मात्र विभागातल्या सर्वांना आजच सांगून ठेवा. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचा ताल बिघडला किंवा कॅल्शियम घसरून बाळाला झटके आले, आणि एकच तातडीची मात्रा द्यायची असली, तर प्लास्टिकची कुपी शोधत कोणी कपाटे उघडत बसू नये. ब्रिटनच्या नियामकाचा तो इशारा वारंवार किंवा दीर्घकाळ वापरासाठी आहे. अशा वेळी हाताशी असलेली काचेची कुपी फोडावी आणि औषध द्यावे.